दुरुस्ती : भिवा धोंडू यांच्या बाटलीबद्दल

अन्याय तुमच्यावर झाला, नाना. शंकर भिवा यांच्यावर. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, प्रभाग कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीत. वेळ मी अंदाजानं लिहीत नाहीये. पोचेवर शिक्का आहे आणि शिक्क्यात वेळ आहे. खिडकीतल्या माणसानं तुमच्या अर्जावर ‘पुराव्याअभावी निकाली’ असं लिहिलं, आणि लिहायच्या आधी तो हसला. हे माईनं मला सांगितलं. तुम्ही घरी येऊन जेवताना तिला सांगितलंत, आणि सांगताना स्वतःही हसलात म्हणे. “शेजारच्याला हाक मारून म्हणला, अरे हे बघ, सोताचा पुरावा खोटा हाय म्हणून सांगायला आलंय म्हातारं.”

त्यानंतर नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

बारा चाळीसला मी कुठे होते, तेही लिहिते. मी चाकणला होते, एका कंपनीच्या गेटवर, शिफ्ट सुटायची वाट बघत, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन. ठेकेदारी कामगारांची नावं कंपनीच्या हजेरीपटावर आली पाहिजेत, असं त्या पत्रकात लिहिलं होतं. तिकडे तुम्ही एकटे, काठी टेकत, तुमच्या बापाचं नाव मागायला जिना चढत होतात. मी सोबत नव्हते, कारण मी तुमच्याशी बोलत नव्हते. आठवा दिवस होता.

तर अन्याय करणाऱ्यांच्या यादीत खिडकीतला माणूस पहिला नाही. पण ते पुढे.

तुम्हाला आठवतंय का, मी कासारवाडीत तुमच्या वरच्या खोलीत राहायला आले तो आठवडा? आईवडील चिखलीला, आमचं मूळ गाव लातूरकडचं, आणि मला स्टेशनजवळ खोली पाहिजे होती. आल्या आल्या मी तुमच्या दाराच्या फटीतून एक पत्रक सरकवलं. संध्याकाळी तुम्ही जिना चढून आलात. पत्रकावर तांबड्या पेनानं चार गोल.

“पोरी, हितं चार जाग्याला डाग हाय.”

मला वाटलं, शुद्धलेखन. मी म्हणाले, “घाईत छापलंय, नाना.”

“शुद्धलेखनाचं न्हाई म्हणत मी. हितं लिवलंय, सर्व कामगारांनी हात वर केले. सर्व? तू मोजलेस?”

“पत्रकात असंच लिहितात.”

“मंग पत्रकात खोटं लिवत्यात, असं म्हण की सरळ.”

मला राग आला होता. दार लावून घेतलं होतं मी. दुसऱ्या दिवशी माईनं थालीपीठ वर पाठवलं, आणि त्याच्यासोबत तुमचा निरोप, की उरलेले तीन डाग कधी बघणार. त्या दिवसापासून तीन वर्षं, छापायला जायच्या आधी माझं प्रत्येक पत्रक तुमच्या स्वयंपाकघरातून गेलं. आमच्या संघटनेत कुणाला हे माहीत नाही. त्यांना वाटतं, माझं लिहिणं आपोआप सुधारलं.

तुम्ही औषधाच्या कंपनीत बत्तीस वर्षं एकच काम केलंत. भरलेली बाटली उचलायची, ट्यूबच्या उजेडात धरायची, हलकेच फिरवायची. समोर फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. काळ्यासमोर पाच आकडे मोजायचे, मग पांढऱ्यासमोर पाच. काचेची कपची, पांढरा धागा काळ्यावर दिसतो. काळा कण पांढऱ्यावर दिसतो. एकाच रंगासमोर बघितलं तर अर्धे डाग सुटतात. निवृत्त झाल्यावर तुम्ही तसलीच फळी घरी करून घेतलीत आणि ओट्याच्या वर ठोकलीत. पिण्याचं पाणी, मध, गोडेतेल, पाहुण्यांनी आणलेलं सरबत, सगळं त्या फळीसमोरून जायचं. माई म्हणायची, “मला बघायला आले तवा ही फळी नव्हती, म्हणून बरं. न्हाईतर माझं लगीनच झालं नसतं.” आणि तुम्ही न हसता म्हणायचात, “तुला उजेडात बघितली हुती. थोडं सोडून दिलं.”

माझ्या पत्रकांनाही तुम्ही तेच लावलंत. आधी वाचायचं ते आपल्या माणसाच्या नजरेनं, मग मालकाच्या वकिलाच्या नजरेनं. दोन्हीकडे पाच-पाच. जे दोन्हीकडे टिकतं तेवढंच छाप.

मग ती नोटीस लागली. तुमच्या मूळ वाडीच्या चौकात, रावेतच्या अलीकडे, आता चारी बाजूंनी टॉवर आहेत तिथे, लढाईवर गेलेल्या गावच्या माणसांच्या नावाचा जुना दगड होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो हलवला. आता नवा दगड बसणार, त्यावर राहिलेली नावंही घेणार, ‘पुराव्यासह अर्ज करावा’. तुम्ही नोटीस वाचून आलात. तिसऱ्या दिवशी माईच्या देवघराच्या मागून एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवलीत.

वीतभर उंच, हिरवट जाड काच, आत बारीक बुडबुडे, बाहेरून धुराचा तपकिरी थर. बुडाला उठावाचं एक चिन्ह, तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या. तुम्ही त्याला कोंबडीचा पाय म्हणायचात. त्याच्याखाली आकडा, ४३.

तुमचे वडील भिवा धोंडू. दुसऱ्या महायुद्धात आपल्या पट्ट्यात सैन्याची गोदामं उठली तेव्हा मुकादमानं वाडीतली माणसं हमालीला नेली. पेट्या उतरवताना थप्पी अंगावर आली. तुम्ही तेव्हा पाळण्यात होतात. ते पंधरा दिवस जगले. तुमच्या आईनं तुम्हाला एवढंच सांगितलं, आणि ते तुम्ही मला त्या दिवशी तिच्याच शब्दांत सांगितलंत : “सरकारी डाक्टरनं बघितला त्याला. सरकारी बाटलीतनं औषध दिलं. दोन डोस उरले हुते.” नंतर त्या बाटलीत तिनं खोबरेल ठेवलं आणि तेच तेल तुमच्या डोक्याला लावून तुम्हाला मोठं केलं. बाटली चुलीच्या वर खुंटीला टांगलेली असायची. ती घासायची कुणाला परवानगी नव्हती.

दगडावर शिपायांची नावं होती. हमालांची नव्हती. हमाल सैन्याचे नव्हतेच, मुकादमाचे होते. हे ऐकून माझं काय झालं ते तुम्ही बघितलंत. त्याच महिन्यात चाकणला आमच्या संघटनेतल्या एका भावाची दोन बोटं प्रेसखाली गेली होती आणि कंपनीनं हात वर केले होते, की आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. मी ओरडलेच. “नाना, ऐंशी वर्षं! ऐंशी वर्षं तेच वाक्य!”

“वरडू नको. बाटली हाय ओट्यावर.”

मी मोबाइलवर शोधलं. कोंबडीचा पाय म्हणजे त्या काळच्या सरकारी, लष्करी मालावरची खूण, हे सापडलं. ४३ म्हणजे त्रेचाळीस साल, हे मी ठरवलं. सरकारी बाटली, लढाईचं साल, जखमी हमाल. चार दिवसांत पत्रक तयार. वर बाटलीचा फोटो आणि खाली मोठ्या टाइपात : ‘हा घ्या पुरावा!’ छापायला जाताना मी ते तुम्हाला दाखवलं. तुम्ही बघितलंत. ओट्यावरच्या फळीकडे एकदा मान वळवलीत, परत कागदाकडे बघितलंत, आणि म्हणालात, “ब्येस.”

एकही तांबडा गोल नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, मी शिकले.

पत्रक रावेतपासून चाकणपर्यंत वाटलं गेलं. अर्ज गेला. खिडकीतून उत्तर आलं, की बाटली कुठली, कधीची, याची खात्रीलायक माहिती जोडावी. आणि मग आपण दोघं निघालो, नाना. सांगू का, हे लिहिताना सारखं तेच डोळ्यांसमोर येतंय. पुरावा, अर्ज, खिडकी यातलं काही नाही, तर आपलं हिंडणं. पुण्याच्या ग्रंथालयात तुम्ही चष्म्यावर भिंग धरून चित्रं बघत बसलात आणि तिथल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, किती वेळ?” तर तुम्ही म्हणालात, “दोन्हीकडनं बघू द्या, बाई.” तिथे एवढं कळलं, की ती खूण लढाईच्या कितीतरी आधीपासून सरकारी मालावर होती आणि नंतरही काही वर्षं राहिली. साल तिच्यावरून ठरत नाही. मी म्हणाले, साल तर खाली लिहिलंय. तुम्ही भिंग पुसायला घेतलंत.

मग कुदळवाडीतला भंगारवाला. बापाच्या वेळेपासून काचेचा धंदा. त्यानं बाटली हातात घेऊन अंगठा फिरवला आणि लगेच परत केली. “काका, असल्या बाटल्या आमच्या वडलांनी पोत्यानं उचलल्यात. सैन्यातून रिकाम्या बाहेर यायच्याच, आणि लढाई संपली तेव्हा तर ढीग विकायला काढले. रॉकेल असो, तेल असो, घरोघर हीच बाटली. बाटली काय, राव, पाय फुटल्यासारखी हिंडते.”

बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. नाशिक फाट्याला गाडी अडकली तेव्हा म्हणालात, “पोरी, मी तुला फसावलं.”

“कुणी? तुम्ही?”

“त्रेचाळीस हे साल न्हाई. साच्याचा नंबर हाय. बाटलीच्या बुडाला साच्याचा नंबर असतो. एका साच्यातल्या बाटल्या सारख्या तडकाय लागल्या, की आमी बूड बघून तो साचा बंद कराय सांगायचो. बत्तीस वर्षं बुडंच बघितली की. तू साल म्हणलीस तवाच मला कळलं हुतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझा बाप हुता त्यात.”

त्या संध्याकाळी तुम्ही ती बाटली पहिल्यांदा फळीसमोर धरलीत. आयुष्यभर घरात असलेली बाटली, पहिल्यांदा. पांढऱ्यासमोर धरली, पाच आकडे. नुसता धुराचा थर. मग काळ्यासमोर. तिसऱ्या आकड्याला तुम्ही थांबलात. काचेच्या अंगावर, एका बाजूला, वरून खाली एक उभा पट्टा, जिथे धूर फिकट बसला होता. पट्ट्याची एक कड सरळ आणि दुसरी करवतीसारखी दातेरी. तिथे कधीकाळी कागद चिकटवलेला होता. कागद गळून गेला, पण तो होता तोवर धूर त्याच्या कडेकडेनं बसत राहिला.

माई जवळ आली, वाकून बघितलं आणि पटकन म्हणाली, “अगं बया, ही तर डोसाची पट्टी. लहानपणी आमच्यात पण असायची.”

आळंदीला तिच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. आपण गेलो. त्यांनी ओसरीवर बसून वर्तमानपत्राचा कागद घेतला, घडी घातली, कात्रीचे तिरके काप मारले आणि उलगडला. तीच कड, तेच दाते. एक दाता म्हणजे एक डोस, पट्टी खळीनं बाटलीला चिकटवायची, पेशंटनं त्या खुणेपर्यंत प्यायचं. मी विचारलं, सैन्याच्या दवाखान्यातही असंच द्यायचे का? ते म्हणाले, “माझ्या बघण्यात तरी नाही, ताई. तिथं बाटली त्यांची, चिठ्ठी छापील. ही हातानं कातरलेली पट्टी म्हणजे आमचा धर्मार्थ दवाखाना. आणि आमच्याकडे बाटली घरून आणायची. नसली तर बाजारातून रिकामी घेऊन यायची. बाटली नाही, तर औषध नाही.”

आपण नदीवर गेलो नाही, देवळात गेलो नाही. स्टँडवर बाकड्यावर बसलो. तुम्ही पिशवीतली बाटली मांडीवर धरली होती. मग हळूहळू, हिशेब जुळवल्यासारखं बोललात. “म्हंजी आई बाजारात गेली. रिकामी बाटली घेतली. ती घेऊन दवाखान्यात गेली. मी कडेवर असणार. सैन्याच्या डाक्टरनं बाबाला बघितलंच न्हाई. मुकादमानं उचलून घरी आणून टाकला, आणि आईनं मला सांगितलं, सरकारी बाटली.” बाटली परत पिशवीत ठेवताना म्हणालात, “खोटं बी बोलली न्हाई ती. बाटली सरकारीच हुती.”

ऐंशी वर्षं तुमच्याकडे एक डॉक्टर होता, नाना. पांढऱ्या कोटातला, सरकारी, तुमच्या बापाच्या उशाशी वाकलेला. तुम्ही त्याला कधी बघितलं नव्हतं, पण तो होता. मी तुम्हाला ग्रंथालयात नेलं, कुदळवाडीला नेलं, आळंदीला नेलं, आणि तो काढून घेतला. न्याय मिळवून देते म्हणून. याची माफी मी तुमच्याकडे मागितली नाही, कारण मला तेव्हा हे सुचलंच नाही. मला सुचलं ते भांडण.

तुम्ही म्हणालात, पत्रक मागं घ्यायचं. नुसतं वाटणं बंद करायचं नाही, दुरुस्ती छापायची, जेवढ्या मोठ्या टाइपात ‘हा घ्या पुरावा’ छापलं तेवढ्याच मोठ्या टाइपात. आणि कार्यालयात जाऊन सांगायचं, की बाटली पुरावा नाही.

“नाना, कोणाला कळणारे? तो खिडकीतला माणूस बाटलीचं बूड बघणारे का? दगडावर नाव लागतंय. खरं नाव लागतंय! भिवा धोंडू खरंच मेले की नाही?”

“मेला.”

“मग?”

“मंग खऱ्या माणसाला खोटी बाटली कशाला पायजे?”

“कारण दुसरं काही ठेवलं नाही त्यांनी!”

“तेच छाप मंग.”

मी म्हणाले, तुम्हाला पत्रक कळत नाही. मी म्हणाले, तुम्ही आयुष्यभर मालकाच्या बाटल्या तपासल्या, म्हणून तुम्हाला मालकाच्या बाजूनं बघायची सवय लागलीय. हे मी म्हणाले. माईच्या समोर. तुम्ही उठलात, ट्यूब बंद केलीत आणि आत गेलात. आठ दिवस मी जिन्यावरून पाय न वाजवता ये-जा केली. नवव्या दिवशी मला कळलं, की तुम्ही एकटेच जाऊन आलात आणि अर्ज निकाली निघाला. तेव्हाही मी खाली आले नाही. मला वाटलं, म्हाताऱ्यानं हट्टानं हातचं घालवलं. वाटलं, चार दिवस जाऊ देत, मग बोलू. माझ्या वयाच्या माणसाकडे चार दिवस नेहमी असतात.

त्या खिडकीत तुम्ही नेमकं काय बोललात, ते मी नंतर माईकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तुम्ही म्हणालात, “बाटली खोटी हाय, माणूस खरा हाय. बाटली काढून टाका, नाव लिवा.” एवढंच. इतकं सरळ वाक्य मी एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. त्याच्यावर तो हसला.

तुमच्या दहाव्याला गर्दी होती. मी मागे उभी होते. तेरावं झाल्यावर माईनं मला खाली बोलावलं आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बाटली हातात दिली. “तुझ्यासाठी ठेवलीय म्हणले हुते. कवा म्हणले म्हणून विचारू नको, भांडण झालं त्याच रातच्याला.”

बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली होती. कंपनीत नापास मालाला तुम्ही जशी बांधायचात तशी, तांबड्या पेनानं, दोन ओळींत. कारण, आणि पुढं काय करायचं. पहिली ओळ : पुरावा म्हणून नापास. दुसरी ओळ : धुऊन परत वापरावी. खाली तुमची सही आणि माझ्यासाठी जागा सोडलेली, कारण तपासणीवर दोन सह्या लागतात.

मी जिन्यातच बसले, नाना. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात. तुम्ही माझ्या सहीची वाट बघत होतात.

बाटली मी धुतली नाही अजून. धुतली तर तो पट्टा जाईल, आणि तो पट्टा म्हणजे तुमची आई आहे, तुम्हाला कडेवर घेऊन रिकामी बाटली शोधत बाजारात फिरणारी. या सगळ्या गोष्टीत ज्या एका माणसानं भिवा धोंडूंसाठी काही केलं, ती ही बाई. तिचं नाव तर कुठल्याच अर्जात नव्हतं. तुम्ही तिला नुसतं आई म्हणायचात. परवा माईला विचारलं. गोदावरी. मी सहीच्या जागी सही केली आहे, पण दुसऱ्या ओळीपुढे लिहिलं आहे, ‘मुदत द्यावी’. तुम्ही असतात तर हा डाग धरला असतात.

ही घ्या तुमची दुरुस्ती. मोठ्या टाइपात छापायला सांगितलंय, तेवढ्याच.

आम्ही ‘हा घ्या पुरावा’ या पत्रकात छापलेली बाटली हा पुरावा नाही. तिच्यावरचा आकडा साल नाही, साच्याचा नंबर आहे. सैन्याच्या डॉक्टरनं भिवा धोंडू यांना औषध दिलं, हे खरं असल्याचं काहीही आम्हाला सापडलेलं नाही. चूक आमची आहे. ती शंकर भिवा यांनी दाखवली. आम्ही त्यांचं ऐकलं नाही.

आता जरा बाजूला सरका, नाना. मला यांच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही, जे हे वाचताय. रावेत असो, किवळे असो, चाकण असो, लातूरहून, बीडहून, कोकणातून इथे आलेले असा. तुमच्या घरात असा एक माणूस आहे, जो मुकादमाबरोबर गेला, ठेकेदाराबरोबर गेला, कामावर मेला किंवा मोडला, आणि ज्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. त्याचा कागद तुमच्याकडे नाही, कारण कागद ठेवणं हे त्याचं काम नव्हतं. ज्यांनी त्याला कामाला लावलं त्यांचं ते काम होतं. हजेरी त्यांनी घेतली, वही त्यांनी ठेवली आणि हरवलीही त्यांनीच. मग पुरावा आपल्याकडे का मागतात? आणि आपण तरी पुरावा म्हणून घरातल्या बाटल्या का शोधत बसतो? मी बसले. एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसले. परत नाही बसणार.

दगड अजून कोरलेला नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता वाडीच्या चौकात या, जिथे तो उभा करणार आहेत तिथे. तुमच्या त्या माणसाचं नाव एका कागदावर लिहून आणा. फोटो नको, बाटली नको, बिल्ला नको. खाली तुमची सही करा आणि त्याच्याखाली दुसऱ्या एका सहीसाठी जागा सोडा. ती सही शेजारी उभा असलेला माणूस करेल, आणि त्याच्या कागदावर तुम्ही कराल. सही करायच्या आधी विचारून घ्या : हा माणूस होता का? काय करायचा? कसा गेला? दोन्ही बाजूंनी विचारा. खोटं वाटलं तर सही करू नका. मग सोमवारी ते सगळे कागद घेऊन आपण चार नंबरच्या खिडकीत जाऊ, बारा चाळीसला, आणि एकच वाक्य बोलू : माणूस खरा आहे, नाव लिहा.

पहिला कागद भिवा धोंडू यांचा आहे. त्यावर माझी सही झाली आहे. दुसरी जागा रिकामी आहे. तुम्ही येऊन ती भरा.